प्रकल्प नोंदी: क्लस्टरच्या वायूत प्रतिद्रव्य किती? फर्मीच्या डेटावरून वरची मर्यादा काढताना

काम: कोमा क्लस्टरमधल्या (दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहातल्या) तप्त वायूत प्रतिद्रव्य (उलट भाराच्या प्रतिकणांचं बनलेलं द्रव्य) मिसळलेलं असेल, तर त्याचा वाटा जास्तीत जास्त किती असू शकतो हे फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या मोफत डेटावरून काढणं. ते जमलं की तीच पद्धत बुलेट क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन क्लस्टरांवर, वापरणं.

साहित्य: १६ जीबी रॅमचा चार कोरचा लॅपटॉप, २०० जीबी मोकळी जागा, विंडोजवर उबंटू (डब्ल्यूएसएल २). डेटा आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. पैसा लागला तो फक्त बाहेरून जोडायच्या एसएसडीला. वेळ मात्र भरपूर जातो, आणि तो कुठे जातो हे कळावं म्हणूनच या नोंदी.

५ जून २०२५. लक्ष्य निवडणं

अख्खी दीर्घिका प्रतिद्रव्याची असली तरी तिच्या प्रकाशावरून ते ओळखता येणार नाही. सर्नमधल्या अल्फा गटाने २०१८ साली प्रतिहायड्रोजनची १एस–२एस ही वर्णपटातली रेषा मोजली, ती साध्या हायड्रोजनशी लाख कोटीत २ भाग इतक्या अचूकतेने जुळली. म्हणजे वर्णपटाचा रस्ता बंद. उरतात ते द्रव्य आणि प्रतिद्रव्य जिथे भिडतं तिथून निघणारे गॅमा किरण. क्लस्टरमधल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो आणि तो क्ष-किरणांत चमकतो. त्या वायूत थोडं जरी प्रतिद्रव्य मिसळलेलं असेल तरी ॲनिहिलेशन (द्रव्य-प्रतिद्रव्य भिडून दोन्ही नष्ट होणं) चालू राहणार आणि फर्मीला ते दिसायला हवं.

पर्सियस क्लस्टर क्ष-किरणांत सर्वांत तेजस्वी, म्हणून पहिला विचार त्याचाच होता. पण त्याच्या केंद्रातली एनजीसी १२७५ ही दीर्घिका गॅमा किरणांत इतकी प्रखर आहे की तिच्याखाली बारीक संकेत शोधणं व्यर्थ. व्हर्गो क्लस्टरमध्ये एम८७ ही तशीच गॅमा किरणांत चमकणारी दीर्घिका आहे, शिवाय तो क्लस्टर आकाशात फार पसरलेला. कोमा आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवापासून जेमतेम दोन अंशांवर आहे, त्यामुळे आपल्या दीर्घिकेतल्या वायूचा गॅमा प्रकाश तिथे किमान असतो. क्रांतिवृत्तापासून तो ३१ अंश दूर आहे, म्हणून सूर्य-चंद्र आड येत नाहीत. केंद्र: विषुवांश १९४.९५, क्रांती २७.९८. अंतर सुमारे १०० मेगापार्सेक.

८ जून. आधी कागदावरचा हिशोब

क्ष-किरण आणि ॲनिहिलेशन दोन्ही घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणून भागाकारात घनता उडून जाते. या पद्धतीची ताकद इथेच आहे: वायूची घनता कुठे किती हे नेमकं माहीत नसलं तरी चालतं.

कोमाच्या वायूचं तापमान सुमारे ८ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे ऊर्जेचं एकक; इथे तापमानही त्यातच सांगतात). त्या तापमानाला प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन ॲनिहिलेशनचा दर-गुणांक साधारण ७×१०^-१५ घनसेंमी प्रति सेकंद येतो. विरुद्ध भारांची ओढ मंद कणांना जवळ आणते, म्हणून तो बराच मोठा आहे. ही वाढ विसरली तर उत्तर सहा-सात पटींनी चुकतं. एका ॲनिहिलेशनमागे सरासरी ४ फोटॉन धरले. वायूचं क्ष-किरण उत्सर्जन घनतेच्या वर्गामागे २.३×१०^-२३ अर्ग घनसेंमी प्रति सेकंद (अर्ग हे ऊर्जेचं एकक). भागाकार केला की क्ष-किरणांच्या दर अर्गमागे १.२×१०^९ गुणिले प्रतिद्रव्याचा वाटा, इतके फोटॉन मिळतात.

इथे एक खड्डा आहे. कॅटलॉगमध्ये कोमाचा क्ष-किरण प्रवाह ३.४×१०^-१० अर्ग प्रति चौसेंमी प्रति सेकंद दिसतो, पण तो फक्त ०.१ ते २.४ केईव्ही पट्ट्यातला. आपल्याला सर्व ऊर्जांचा मिळून हवा. ८ केईव्हीच्या वायूसाठी तो साधारण अडीच पट, म्हणजे ८.५×१०^-१० होतो. त्याला १.२×१०^९ ने गुणलं की जवळजवळ १ येतो. हा योगायोग फार सोयीचा आहे: कोमासाठी गॅमा प्रवाहाची मर्यादा (फोटॉन प्रति चौसेंमी प्रति सेकंद) जो आकडा येईल, तोच प्रतिद्रव्याच्या वाट्याची मर्यादा. प्रवाह १०^-८, तर वाटा १०^-८.

१२ जून. इन्स्टॉलेशन

फर्मीटूल्स (फर्मीच्या डेटाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) कोंडाऐवजी मांबाने बसवा (दोन्ही सॉफ्टवेअर बसवणारे प्रोग्राम). कोंडाला अवलंबनं सोडवताना तासन्‌तास लागतात आणि शेवटी तो नकार देऊ शकतो. वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, जुन्या पायथनमध्ये मिसळू नका. डब्ल्यूएसएलबद्दल दोन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, ते आपोआप निम्मीच रॅम घेतं, म्हणून त्याच्या कॉन्फिग फायलीत १२ जीबी लिहून द्या. दोन, फायली विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून उबंटूतून वाचू नका. तसं केलं की प्रत्येक वाचन रखडतं. सगळं काम उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवलं की वेगातला फरक लगेच जाणवतो.

१५ जून. डेटा

डेटा सर्व्हरवर मागणी: केंद्र वर दिल्याप्रमाणे, त्रिज्या १५ अंश, ऊर्जा ५० एमईव्ही ते ५०० जीईव्ही (केईव्हीच्या हजार पट एमईव्ही, त्याच्या हजार पट जीईव्ही), काळ ४ ऑगस्ट २००८ पासून (मिशनच्या घड्याळात २३९५५७४१७ सेकंद). फोटॉन फायली अनेक येतात, अंतराळयानाची फाइल एकच पण जड. तयार झालेली लिंक काही दिवसांनी काढून टाकतात, म्हणून त्याच दिवशी उतरवून घ्या.

जीटीसिलेक्ट (फोटॉन निवडणारा प्रोग्राम): इव्हेंट क्लास १२८, इव्हेंट टाइप ३, झेनिथ मर्यादा (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन, पृथ्वीच्या कडेचे गॅमा किरण टाळण्यासाठी) ९० अंश, १०० एमईव्ही ते १० जीईव्ही. जीटीमेकटाइम (निरीक्षणाचा चांगला काळ निवडणारा प्रोग्राम): डेटाचा दर्जा शून्याहून मोठा, लॅट कॉन्फिग १, आणि आरओआयनुसार (निवडलेल्या आकाशभागानुसार) झेनिथ कट ‘नाही’. झेनिथचा हिशोब पुढे जीटीएलटीक्यूब (आकाशाचा कुठला भाग किती वेळ पाहिला हे काढणारा प्रोग्राम) करतो, तिथेही ९०च द्यायचं. दोन ठिकाणी वेगळे आकडे पडले तर प्रोग्राम थांबत नाही. एक्सपोजर (किती क्षेत्रफळाने किती वेळ पाहिलं त्याचा हिशोब) मात्र चुकीचं येतं आणि ते शेवटपर्यंत कळत नाही.

२१ जून. ओपी ३१३ ने केलेला घोटाळा

पहिल्या खेपेला डेटा २०२४ अखेरपर्यंतचा घेतला होता. प्राथमिक फिटमध्ये डेटातून मॉडेल वजा करून उरलेल्या नकाशात कोमापासून ५ अंशांवर मोठा उजळ डाग, आणि त्याची कड कोमावर सांडलेली. मॉडेल, पिक्सेल, एक्सपोजर असं एकेक तपासण्यात आठवडा गेला. कारण आकाशातच होतं. तिथे ओपी ३१३ नावाचा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) आहे (कॅटलॉगमध्ये बी२ १३०८+३२६), आणि २०२३ च्या शेवटापासून त्याने जबरदस्त भडका घेतला. आपण वापरत असलेला ४एफजीएलचा (फर्मीच्या गॅमा स्रोतांच्या यादीचा) डीआर४ कॅटलॉग १४ वर्षांच्या डेटावर, म्हणजे ऑगस्ट २०२२ पर्यंतच्या सरासरीवर बेतलेला. त्यातलं ओपी ३१३ चं तेज नंतरच्या काळाला लागूच पडत नाही. प्रवाह मोकळा सोडला तरी भडक्यात वर्णपटाचा आकारही बदलतो, तेव्हा डाग कमी होतो, जात नाही.

उपाय: डेटा ४ ऑगस्ट २०२३ ला तोडला. १५ वर्षं पूर्ण, आणि तो मोठा भडका बाहेर. संवेदनक्षमतेत किरकोळ तोटा झाला, पण डोकेदुखी संपली. आपल्या लक्ष्याच्या दहा अंशांतले सगळे तेजस्वी ब्लेझार (ज्यांचा फवारा आपल्याकडे रोखलेला आहे असे क्वेसारसारखे स्रोत) आधी यादीत काढा आणि प्रत्येकाचा प्रकाशवक्र फर्मीच्या सार्वजनिक लाइट कर्व्ह संग्रहात पाहून घ्या. कोमाच्या बाबतीत दुसरा पाहण्यासारखा म्हणजे पीकेएस १२२२+२१६, साधारण दहा अंशांवर. २०१० साली तोही भडकला होता.

२४ जून. जीटीएलटीक्यूब

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. पंधरा वर्षं एका दमात चालवू नका. हा प्रोग्राम एकच कोर वापरतो आणि मध्येच वीज गेली तर केलेलं सगळं वाया, अर्धवट कामावरून पुढे चालू होत नाही. पावसाळ्यात हे घडणारच. वर्षावर्षाचे तुकडे करा, चार तुकडे चार कोरवर एकदम चालवा, आणि शेवटी जीटीएलटीसमने जोडा. कोसाइनची पायरी ०.०२५, पिक्सेल १ अंश. ही फाइल एकदा झाली की जपून ठेवा. मॉडेल कितीही बदललं तरी ती पुन्हा करावी लागत नाही.

२७ जून. चौकोन वर्तुळात बसवणं

डेटा वर्तुळाकार, काउंट्स क्यूब (जागा आणि ऊर्जेनुसार फोटॉनांची मोजदाद) चौकोनी. १५ अंश त्रिज्येला ३०×३० अंशांचा चौकोन घेतला तर चारही कोपरे रिकामे राहतात. प्रोग्रामला ते रिकामे आहेत हे कळत नाही, तो समजतो की तिथे खरोखरच फोटॉन आले नाहीत, आणि ते जुळवण्यासाठी समदिक् पार्श्वभूमी (सगळ्या दिशांनी सारखा येणारा गॅमा प्रकाश) खाली ओढतो. पार्श्वभूमी खाली गेली की मधल्या कोमाचं तेज फुगतं. वर्तुळात मावणारा सर्वांत मोठा चौकोन २१.२ अंशांचा, म्हणून २१×२१ घेतला, ०.२ अंशांचे १०५×१०५ पिक्सेल. ऊर्जेचे भाग दर दहापटीला १०. एक्सपोजर नकाशा मात्र पूर्ण आकाशाचाच करा, कडेबाहेरचे स्रोतही आत सांडतात.

२ जुलै. ॲनिहिलेशनच्या वर्णपटाची फाइल

तयार मॉडेलांच्या यादीत हा आकार नाही, स्वतः करावा लागतो. फाइल फंक्शन प्रकार वापरला: एका रकान्यात ऊर्जा, दुसऱ्यात फोटॉन प्रति एमईव्ही.

कृती: प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन जोडीची १८७६ एमईव्ही ऊर्जा पाच पायॉनांत (ॲनिहिलेशनमधून निघणाऱ्या अल्पायुषी कणांत) यादृच्छिक वाटा (फेज स्पेस जनरेटर पायथनमध्ये मिळतात), त्यातले सरासरी दोन उदासीन धरा (प्रत्येक उदासीन पायॉन दोन फोटॉनांत फुटतो). उदासीन पायॉनची ऊर्जा ई आणि संवेग पी असेल तर त्याचे फोटॉन (ई−पी)/२ ते (ई+पी)/२ या पट्ट्यात सपाट पसरतात. असे लाखो पट्टे एकावर एक रचले की वर्णपट तयार.

तो बरोबर आला का, हे तपासायची सोपी खूण आहे. प्रत्येक पट्ट्याच्या दोन टोकांचा गुणाकार नेहमी ६७.५ चा (उदासीन पायॉनच्या वस्तुमानाच्या निम्म्याचा) वर्ग, म्हणजे ४५५६ येतो. जास्तीत जास्त ऊर्जेच्या पायॉनसाठी (जोडी दोनच पायॉनांत फुटली तर) टोकं ४.९ आणि ९३३ एमईव्ही. त्यामुळे ऊर्जेचा अक्ष लॉगमध्ये मांडला की वर्णपट ६७.५ भोवती अगदी सममित दिसायला हवा. दोन बाजू जुळल्या नाहीत तर कोडमध्ये कुठेतरी संवेग आणि ऊर्जा यांची अदलाबदल झालेली असते. हा आलेख पहिल्यांदा सममित उमटतो तेव्हा खरंच आनंद होतो, कारण पुढचं सगळं याच एका आकारावर उभं आहे.

दोन अडथळे. ९३३ एमईव्हीच्या वर शून्य लिहिलं तर लॉग घेताना गणित कोसळतं, म्हणून अतिशय लहान धन आकडा टाका. आणि फाइल विश्लेषणाच्या पट्ट्यापेक्षा दोन्हीकडे रुंद हवी (आम्ही ३० एमईव्ही ते २० जीईव्ही ठेवली), कारण ऊर्जा-विक्षेपाची (मोजलेली ऊर्जा खऱ्याहून थोडी वेगळी येण्याची) दुरुस्ती पट्ट्याबाहेरही डोकावते.

६ जुलै. वायूच्या आकाराचा साचा

बीटा मॉडेल (क्लस्टरमधल्या वायूचं तेज बाहेर जाताना कसं उतरतं त्याचं सूत्र): गाभ्याची त्रिज्या १०.५ आर्कमिनिट, बीटा ०.७५. पृष्ठतेज १ + (अंतर/गाभा)² च्या उणे १.७५ घाताने उतरतं. ०.०२ अंशांचे पिक्सेल, १.५ अंशापर्यंत.

साच्याची बेरीज १ यायला हवी, पण चौरस अंशांत नव्हे, स्टरेडियनमध्ये (घनकोनाच्या एककात). ०.०२ अंशाचा पिक्सेल म्हणजे १.२२×१०^-७ स्टरेडियन. चौरस अंश धरले तर प्रवाह ३२८३ पट चुकतो. मर्यादा अशक्य वाटावी इतकी चांगली किंवा वाईट आली तर आधी इथे पाहा.

प्रामाणिक सल्ला: घाई असेल तर हा साचा करूच नका. १०० एमईव्हीला फर्मीची धूसरता (एक बिंदू किती पसरून दिसतो ते) ५ अंशांची आहे, १ जीईव्हीलाही पाऊण अंशाच्या वर. कोमा बिंदू धरला काय आणि साचा धरला काय, मर्यादा जवळपास तीच येते. आम्ही साचा ठेवला तो फक्त खात्रीसाठी.

११ जुलै. फिट

पहिला फिट जुळलाच नाही. कोमा, समदिक् पार्श्वभूमी आणि आकाशगंगेचं मॉडेल तिन्ही एकदम मोकळे सोडले होते. ध्रुवाजवळ आकाशगंगेचा गॅमा प्रकाशही सपाटच असतो, मग प्रोग्रामला दोन सपाट थर वेगळे करता येत नाहीत आणि चुकांचा मॅट्रिक्स बिघडतो. आकाशगंगेच्या मॉडेलचा कल गोठवला, फक्त तीव्रता मोकळी ठेवली. ५ अंशांच्या आतले स्रोत मोकळे, त्याबाहेरचे गोठवलेले, ओपी ३१३ आणि पीकेएस १२२२+२१६ अपवाद. आधी ढोबळ मिनिमायझर (सर्वांत चांगली जुळणी शोधणारा), मग अचूक न्यूमिनुइट, परतीचा कोड ० (म्हणजे फिट जुळला) येईपर्यंत. ऊर्जा-विक्षेप दुरुस्ती चालू ठेवा, पण समदिक् पार्श्वभूमीसाठी बंद. तो साचा मुळातच मोजलेल्या डेटावरून काढलेला आहे, त्याला पुन्हा दुरुस्ती लावणं म्हणजे तेच काम दोनदा.

वरची टोकाची ऊर्जा १ जीईव्ही न ठेवता १० का? ॲनिहिलेशनचा एकही फोटॉन १ जीईव्हीच्या वर येत नाही. तो भाग शेजारच्या स्रोतांचे वर्णपट पक्के करतो, आणि त्यामुळे खालच्या पट्ट्यात त्यांना हवं तसं हलता येत नाही.

१६ जुलै. कोमाजवळचा खरा गॅमा स्रोत

केंद्रापासून पाऊण अंशाच्या आत ४एफजीएल जे१२५६.९+२७३६ हा स्रोत आहे, आणि अलीकडच्या अनेक अभ्यासांनी तो कोमाच्याच उत्सर्जनाशी जोडला आहे, वैश्विक किरण वायूवर आदळल्यामुळे निघणारा. तो ५ अंशांच्या धूसरतेत आपल्या संकेतापासून वेगळा कसा करणार?

दोन्ही प्रकारे चालवलं. स्रोत मॉडेलमध्ये ठेवून, आणि पूर्ण काढून टाकून. काढला की त्याचे सगळे फोटॉन ॲनिहिलेशनच्या खात्यावर जमा होतात आणि मर्यादा सैल होते. ही सैल मर्यादाच जाहीर करायची असं ठरवलं, कारण तिच्यावर कोणाला आक्षेप घेता येणार नाही. मर्यादेसाठी लाइकलीहूडची (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्या मापाची) प्रोफाइल: त्याचा लॉग १.३५ ने खाली येईपर्यंत तीव्रता वाढवत नेणं, म्हणजे ९५ टक्के खात्रीची मर्यादा. तीव्रता शून्याच्या भिंतीला टेकली असेल तर प्रोफाइलऐवजी इंटिग्रल पद्धत वापरा.

स्रोत काढून मर्यादा १०^-८ च्या आसपास, ठेवून साधारण तिच्या निम्मी. आधीच्या एग्रेट दुर्बिणीची कोमासाठीची मर्यादा ४×१०^-८ च्या जवळ होती. म्हणजे कोमाच्या वायूत मिसळलेलं प्रतिद्रव्य दहा कोटीत एका भागाहून जास्त नाही.

२० जुलै. ६० एमईव्हीचा प्रयत्न, सोडून दिला

वर्णपटाचं शिखर ६७.५ ला, मग १०० पासून सुरुवात का, हा प्रश्न येणारच. करून पाहिलं: ६० एमईव्हीपासून, झेनिथ ८० अंश, फक्त सर्वांत चांगल्या धूसरतेचे पीएसएफ३ फोटॉन. मर्यादा सुधारण्याऐवजी बिघडली. तिथे कोमाचा ठसा इतका पसरतो की समदिक् पार्श्वभूमीत आणि त्याच्यात फरकच उरत नाही. पार्श्वभूमी एखाद्या टक्क्याने हलवली की कोमाचं उत्तर पार बदलतं. तसंही फोटॉनांचा मोठा भाग १०० च्या वरच पडतो. हा मार्ग सोडा.

२५ जुलै. या मर्यादेचा अर्थ किती

ही मर्यादा मिसळलेल्या वायूची आहे. अख्खा कोमा, वायूसकट, प्रतिद्रव्याचा असेल तर त्याला भिडायला द्रव्यच नाही, आणि आपली मोजणी गप्प बसेल. खगोलभौतिकतज्ज्ञ स्टायगमन यांनी २००८ साली एग्रेटच्या मर्यादा वापरून ५५ क्लस्टरांसाठी हाच हिशोब केला आणि अर्थही असाच लावला: क्लस्टर एकतर पूर्ण द्रव्याचा, नाहीतर पूर्ण प्रतिद्रव्याचा. हे वाक्य निकालाच्या शेजारी लिहिलं नाही तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. आणि म्हणूनच पुढचं लक्ष्य दोन क्लस्टरांची टक्कर.

३ ऑगस्ट. बुलेट क्लस्टर

१ई ०६५७-५५८, विषुवांश १०४.६, क्रांती −५५.९५, रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची ऊर्जा घटण्याचं माप) ०.२९६. दोन क्लस्टर एकमेकांतून आरपार गेलेत आणि त्यांचा वायू भिडलेला आहे. एक द्रव्याचा आणि एक प्रतिद्रव्याचा असता तर ॲनिहिलेशन इथे दिसलंच असतं.

कोमाचं मॉडेल तसंच उचलून चालत नाही. रेडशिफ्टमुळे शिखर ५२ एमईव्हीला आणि शेवटचं टोक ७२० च्या आसपास सरकतं, म्हणून वर्णपटाची फाइल नव्याने करा. मोठा मॅगेलनी मेघ १७ अंशांवर आहे आणि कॅटलॉगमध्ये त्याचे विस्तारित साचे आहेत. त्या साच्यांचं फोल्डर वेगळं उतरवून त्याचा मार्ग दिला नाही तर जीटीसोर्समॅप्स फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. आकाशगंगेच्या प्रतलापासून हा फक्त २१ अंशांवर, तेव्हा इथे पार्श्वभूमीही जास्त.

गुणकही बदलतो. वायू १४ केईव्हीच्या आसपास तापलेला. तापमान वाढलं की ॲनिहिलेशन मंदावतं आणि क्ष-किरण वाढतात, म्हणून दोघांचं गुणोत्तर तापमानाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. वर हा फार दूर, क्ष-किरण प्रवाह कोमाच्या कित्येक पट कमी. कोमासाठी जो गुणक १ होता तो इथे ०.०२ च्या घरात येतो. म्हणजे तेवढीच गॅमा मर्यादा मिळाली तरी वाट्याची मर्यादा पन्नास पट सैल. तरीही एग्रेटवरून निघालेल्या ३×१०^-६ पेक्षा ती बरीच खाली जायला हवी.

१० ऑगस्ट. सध्याची स्थिती

बुलेटचा फिट जुळला, परतीचा कोड ०, केंद्रावर काहीही उठून दिसत नाही. मर्यादा जाहीर करण्याआधी आकाशगंगेच्या मॉडेलची तीव्रता थोडी वर-खाली करून पुन्हा चालवायचं आहे, कारण २१ अंशांवर ती चूक कोमापेक्षा कितीतरी जास्त भोवते. हे करू पाहणाऱ्यांनी जीटीएलटीक्यूबची जोडलेली फाइल दुसऱ्या लक्ष्यासाठीही वापरून घ्या. काळ आणि झेनिथ मर्यादा त्याच असतील, तर ती पूर्ण आकाशाला लागू पडते.